विश्लेषण : नाइटलाइफमधून फॅशन कशी घडते? लंडनच्या ‘मंगळवारच्या रात्रीं’नी शहरांना काय शिकवले?

लंडनच्या ‘टेट मॉडर्न’ या कलासंग्रहालयात २०२५ मध्ये ली बोवेरी या कलाकाराच्या वेशभूषांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेथील ‘डिझाइन म्युझियम’ने ‘ब्लिट्झ’ या क्लबवर स्वतंत्र प्रदर्शन सुरू केले. हा क्लब आठवड्यातून एकदाच, मंगळवारी रात्री भरत असे आणि तो दोन वर्षेही चालला नाही. तरीही त्याच्या रात्री संग्रहालयात जाण्याइतक्या महत्त्वाच्या का ठरल्या? ‘नाइट इकॉनॉमी’चे स्वप्न पाहणाऱ्या मुंबईने त्यातून काय घ्यावे?

‘ब्लिट्झ किड्स’ कोण होते?

१९७८ च्या उत्तरार्धात स्टीव्ह स्ट्रेंज आणि रस्टी इगन या दोन तरुणांनी लंडनच्या सोहो भागातील ‘बिलीज’ या क्लबमध्ये दर मंगळवारी डेव्हिड बोवीच्या गाण्यांची रात्र सुरू केली. गर्दी वाढली तसे फेब्रुवारी १९७९ मध्ये ते कॉव्हेंट गार्डनजवळच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील ‘ब्लिट्झ’ या वाइन बारमध्ये गेले. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांवरून या बारचे नाव ठेवलेले होते आणि भिंतींवर युद्धकाळातली पोस्टर्स होती. इगन रेकॉर्ड लावायचा. बोवी, रॉक्सी म्युझिक, जर्मनीचा क्राफ्टवर्क असे संगीत वाजायचे. स्ट्रेंज दारात उभा राहून कोणाला आत सोडायचे ते ठरवायचा.

आत यायचे तर पैसा किंवा ओळख पुरत नसे. अंगावर काय घातले आहे, यावर प्रवेश ठरत असे. कोणी पाद्र्याच्या वेशात येई, कोणी अठराव्या शतकातील सरदाराच्या, कोणी मूकपटातील नायिकेच्या. मुलगे डोळ्यांत काजळ घालत, मुली लष्करी कोट चढवत. कोट-टोप्या सांभाळायच्या खोलीत काम करणारा एक तरुण पुढे बॉय जॉर्ज म्हणून जगभर गाजला. वृत्तपत्रांनी या मंडळींना ‘ब्लिट्झ किड्स’ म्हटले. त्यांच्या पोशाखशैलीला आणि संगीताला ‘न्यू रोमँटिक’ हे नाव पडले.

१९८० मध्ये खुद्द बोवी तेथे आला. त्याने स्ट्रेंजसह काही जणांना आपल्या ‘ॲशेस टू ॲशेस’ या गाण्याच्या व्हिडीओसाठी निवडले. ते गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि एका बारमधला पोशाख देशभरातल्या दूरचित्रवाणी संचांवर दिसू लागला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘द फेस’ आणि ‘आय-डी’ या मासिकांनी तरुणांच्या पोशाखाला गंभीरपणे स्थान दिले.

मंगळवारच का?

याचे उत्तर व्यवहारात आहे. शुक्रवार-शनिवारी बार भरलेले असत, मंगळवारी रिकामे. त्यामुळे गर्दी आणणाऱ्या कोणालाही मालक त्या रात्रीसाठी जागा द्यायला तयार असे. दारावरचे पैसे रात्र भरवणाऱ्याचे, दारूच्या विक्रीचे पैसे बारमालकाचे, असा साधा हिशेब होता. गुंतवणूक जवळपास नव्हती. रात्र फसली तर नुकसानही फारसे नव्हते. ज्यांच्याकडे भांडवल नाही, अशा विशीतल्या मुलांना शहराच्या मध्यवर्ती भागात स्वतःचा मंच मिळाला तो असा.

हा भागही तेव्हा आजच्यासारखा झगमगीत नव्हता. कॉव्हेंट गार्डनचा घाऊक फळ-भाजी बाजार १९७४ मध्ये नाइन एल्म्सला हलवला गेला होता. गोदामे ओस पडली होती आणि भाडी उतरली होती. बाजाराच्या जुन्या इमारतीचे खरेदी केंद्र झाले ते १९८० मध्ये. म्हणजे एक बाजार उठला होता आणि दुसरा अजून बसायचा होता, त्या मधल्या काळात ‘ब्लिट्झ’ घडला.

एवढे कपडे येत कुठून?

ब्रिटनची तेव्हाची आर्थिक स्थिती वाईट होती. १९७८-७९ चा हिवाळा संपांनी गाजला. मे १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या. जानेवारी १९८२ मध्ये बेरोजगारांची संख्या ३० लाखांवर गेली. अशा काळात हा थाटमाट परवडत कसा होता?

तो विकत घेतलेला नव्हताच. जुन्या कपड्यांचे बाजार, नाटकांच्या पोशाखांचा विक्रीला निघालेला साठा, आजीच्या पेटीतले कापड, पडद्याचे तुकडे यांतून तो शिवलेला असे. अनेकांना शिवणकाम येत होते, कारण सेंट मार्टिन्स आणि सेंट्रल या कला महाविद्यालयांचे विद्यार्थी या गर्दीत होते आणि ही महाविद्यालये पायी जाण्याच्या अंतरावर होती. त्या वेळी ब्रिटिश विद्यार्थ्यांना पदवीसाठी शुल्क भरावे लागत नसे. गरजूंना खर्चासाठी अनुदानही मिळे. शिकून नोकरी मिळाली नाही तर बेकारभत्ता होता. राहायला रिकाम्या घरांचा ताबा घेऊन वसलेल्या बिनभाड्याच्या वस्त्या होत्या. वॉरन स्ट्रीटवरच्या अशाच एका पडक्या घरात बॉय जॉर्ज आणि फॅशनचे अनेक विद्यार्थी एकत्र राहत.

वेळ, छप्पर आणि हातातले कसब या तीन गोष्टी फुकट किंवा स्वस्तात मिळाल्या. चौथी गोष्ट म्हणजे प्रेक्षक. दर मंगळवारी तीच माणसे भेटणार, त्यामुळे मागच्या आठवड्याचा पोशाख चालणार नव्हता. आठवड्याला एक नवा प्रयोग, त्यावर लगेच मिळणारी दाद किंवा टवाळी, आणि पुन्हा नवा प्रयत्न. कोणत्याही महाविद्यालयाला न जमणारी ही तालीम होती.

फॅशन उद्योगाला त्यातून काय मिळाले?

स्टीफन जोन्स हा सेंट मार्टिन्सचा विद्यार्थी क्लबमध्ये स्वतः केलेल्या टोप्या घालून यायचा. १९८० मध्ये त्याने कॉव्हेंट गार्डनमधल्या एका कपड्यांच्या दुकानाच्या तळघरात टोप्यांचे पहिले दालन उघडले. क्लबमधले सोबतीच त्याचे पहिले गिऱ्हाईक. पुढे राजकन्या डायनाच्या टोप्या त्याने केल्या आणि जॉन गॅलियानो ‘डिओर’मध्ये गेल्यावर त्या घराण्याच्या टोप्याही जोन्सकडे आल्या. गॅलियानोही याच जगातला. १९८४ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील पोशाखांवर बेतलेल्या पदवी-संग्रहाने तो गाजला. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेच्या वेशभूषेसाठी एमी पुरस्कार मिळवणारी मिशेल क्लॅप्टन हीसुद्धा ‘ब्लिट्झ किड्स’पैकी. स्पँडाउ बॅले या बँडने सुरुवातीचे कार्यक्रम ‘ब्लिट्झ’मध्ये केले आणि बॉय जॉर्जचा ‘कल्चर क्लब’ १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला.

या सर्वांच्या पुढील उत्पन्नाचा हिशेब मांडला तर ‘ब्लिट्झ’च्या एका रात्रीच्या दारूविक्रीशी त्याची तुलनाच होणार नाही. मात्र १९७९ मधल्या एखाद्या मंगळवारी कोणी महसुलाचा तक्ता मांडला असता, तर त्यात ग्लासभर वाइनवर चार तास काढणारे निरुपयोगी गिऱ्हाईक तेवढे दिसले असते.

ली बोवेरीने काय वेगळे केले?

मेलबर्नच्या सनशाइन या उपनगरात १९६१ मध्ये जन्मलेला बोवेरी १९८० मध्ये लंडनला आला. काही काळ बर्गरच्या दुकानात नोकरी करत तो कपडे शिवू लागला. जानेवारी १९८५ मध्ये त्याने लेस्टर स्क्वेअरमध्ये ‘टॅबू’ ही गुरुवारची रात्र सुरू केली. तेथील दारवान येणाऱ्यासमोर आरसा धरत असे आणि ‘तू स्वतःला आत सोडले असतेस का’ असे विचारत असे.

‘ब्लिट्झ’मधली मंडळी सुंदर दिसण्यासाठी सजत. बोवेरीने सौंदर्याची ही अटच काढून टाकली. टकलावरून ओघळणारा रंग, चेहराभर टिकल्या, डोके पूर्ण झाकणारे मुखवटे, कापड आणि चिकटपट्टीने बदललेला शरीराचा आकार. धिप्पाड देह लपवण्याऐवजी तो त्याचाच माल म्हणून वापरायचा. कपडे विकण्याचा धंदा त्याने लवकरच मागे टाकला. ऑक्टोबर १९८८ मध्ये लंडनच्या अँथनी डॉफे गॅलरीत पाच दिवस तो एकतर्फी काचेमागे रोज वेगळ्या वेशात वावरला. त्याला प्रेक्षक दिसत नव्हते, दिसत होते ते फक्त स्वतःचे प्रतिबिंब. पुढे ल्युशियन फ्रॉइड या चित्रकाराने त्याची नग्न चित्रे रंगवली. त्यात वेश नव्हता, उरला होता तो नुसता देह. अलेक्झांडर मॅक्वीनपासून लेडी गागापर्यंत अनेकांच्या कामात बोवेरीच्या खुणा दिसतात.

या कहाणीची किंमतही मोठी होती. ‘टॅबू’ १९८६ मध्ये अमली पदार्थांच्या बातम्यांनंतर बंद पडला. त्या गोतावळ्यातील काही तरुण मादक पदार्थांमुळे मेले. एड्सने एक पिढी कापून काढली. ३१ डिसेंबर १९९४ रोजी एड्सशी संबंधित आजाराने बोवेरी गेला, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. त्या रात्रींच्या आठवणींत गुंतताना हा भाग वगळणे अप्रामाणिक ठरेल.

हे दार सर्वांसाठी उघडे होते का?

नव्हते. पोशाखावरून निवड करणारे दार पैशाचा भेद पुसते, पण नवा भेद तयार करते. ज्याला ‘योग्य’ विचित्र दिसता येत नाही, तो बाहेर.

त्याहून गंभीर प्रश्न वंशाचा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बोवेरीला ज्या वेशाने ओळख दिली, त्यात कृष्णासारखा निळा रंगवलेला चेहरा, नथीसारखे दागिने आणि चमकी होती. तो राहत असलेल्या पूर्व लंडनमधील दक्षिण आशियाई वस्तीतून आणि हिंदू देवतांच्या चित्रांतून ते उचललेले होते. या वेशाच्या नावात त्याने ‘पाकी’ हा दक्षिण आशियाई लोकांसाठीचा शिवीवजा शब्द वापरला. त्याच परिसरात ४ मे १९७८ रोजी अल्ताब अली या कापड-कारखान्यात काम करणाऱ्या बंगाली तरुणाचा वर्णद्वेषातून खून झाला होता आणि त्यानंतर हजारो लोकांनी शवपेटीसह पंतप्रधानांच्या निवासस्थानापर्यंत मोर्चा नेला होता. बोवेरीच्या अंगावर जी नथ ‘धाडस’ ठरत होती, ती घालून खरीखुरी बंगाली स्त्री रस्त्याने निघाली तर तिला शिव्या खाव्या लागत. स्वतःला व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य मोजताना ते कोणाला, किती किमतीत मिळते हेही मोजायला हवे. त्यामुळे बोवेरीचे कर्तृत्व कमी होत नाही, पण त्याला निव्वळ बंडखोर नायक म्हणूनही मिरवता येत नाही.

मग दक्षिण आशियाई तरुणांची रात्र कुठे होती?

ती भर दुपारी होती. १९८० च्या दशकात ब्रिटनमधील पंजाबी, गुजराती, बंगाली घरांतल्या मुलांना आणि विशेषतः मुलींना रात्री बाहेर पडायची मुभा नसे. अनेक क्लबांच्या दारांवर त्यांचे स्वागतही नसे. त्यातून ‘डेटायमर’ जन्मले. लंडनच्या हॅमरस्मिथ पॅलेसारख्या सभागृहांत शाळा-कॉलेजच्या वेळेत भांगड्याचे कार्यक्रम होत. ‘अलाप’, ‘हीरा’ यांसारखे बँड गात. मुली शाळेचा गणवेश किंवा सलवार-कमीझ पिशवीत कोंबून स्वच्छतागृहात कपडे बदलत आणि संध्याकाळी घरी जाताना पुन्हा पहिल्या वेशात येत.

इथेही सूत्र तेच होते : मोठ्या सभागृहांची दुपार रिकामी असे. १९९५ मध्ये तलविन सिंग याने हॉक्स्टन स्क्वेअरमधल्या ‘ब्लू नोट’ क्लबात ‘अनोखा’ सुरू केले, तेही सोमवारी. त्याच वर्षी उत्तर लंडनच्या टफनेल पार्कमध्ये ‘क्लब काली’ सुरू झाला. समलिंगी आणि तृतीयपंथी दक्षिण आशियाई लोकांसाठीची ही जागा. साडी नेसलेला पुरुष हिंदी चित्रपटगीतांवर नाचतो आणि कोणी वळून पाहत नाही, असे ठिकाण शहरात त्यांना त्यामुळे मिळाले.

आज असा क्लब का उभा राहत नाही?

तरुणांची कल्पकता आटलेली नाही. तिच्याखालची जमीन मात्र महाग झाली आहे. ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये विद्यापीठ शुल्क सुरू झाले. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये ते वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत होते. रिकाम्या निवासी घरांचा ताबा घेणे २०१२ पासून इंग्लंडमध्ये गुन्हा आहे. कॉव्हेंट गार्डन आता महागड्या दुकानांचे ठिकाण आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या पाहणीनुसार, एलजीबीटी समुदायाच्या रात्रीच्या जागा २००६ मध्ये १२५ होत्या, त्या २०१७ मध्ये ५३ वर आल्या.

दुसरा बदल खिशातल्या फोनने केला. ‘ब्लिट्झ’मधला पोशाख फसला तर तो पन्नास जणांनी पाहिला आणि विसरला. आज तो त्याच मिनिटाला इन्स्टाग्रामवर जातो आणि चांगला असेल तर स्वस्त फॅशनच्या कंपन्या त्याची नक्कल पाहता पाहता बाजारात आणतात. बर्लिनच्या ‘बर्गहाइन’सारख्या क्लबमध्ये फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावूनच आत सोडतात. चुकण्यासाठी लागणारा आडोसा जपण्याचा हा प्रयत्न आहे.

मुंबईने यातून काय घ्यावे?

जानेवारी २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ‘मुंबई २४ तास’ धोरण मंजूर केले. अनिवासी भागांतील मॉल, दुकाने, उपाहारगृहे रात्रभर सुरू ठेवण्याची मुभा मिळाली. पब आणि बारची रात्री दीडची वेळ कायम राहिली. हे धोरण मांडताना तत्कालीन पर्यटनमंत्री आदित्य ठाकरे यांनी लंडनच्या पाच अब्ज पौंडांच्या ‘नाइट इकॉनॉमी’चा दाखला दिला होता. महसूल आणि रोजगार ही कारणे योग्यच आहेत. पण लंडनच्या रात्रीने जगाला जे दिले, ते मॉल रात्रभर उघडे ठेवून मिळालेले नाही. ज्या रात्री कोणाला धंद्याची आशा नव्हती, त्या रात्री स्वस्त जागा मिळाल्याने ते घडले.

मुंबईला हे नवीन नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक नाटके सुरू केली. शाळा सुटल्यावर रिकामे पडणारे सभागृह आणि परवडणारे भाडे, एवढ्यावर मराठी रंगभूमीची एक चळवळ उभी राहिली. तिकीट खिडकीच्या हिशेबात ती कधीच मोठी नव्हती. तिथे घडलेल्या नटांनी, लेखकांनी, दिग्दर्शकांनी पुढे मराठी-हिंदी रंगभूमी आणि चित्रपट समृद्ध केले. क्लब आणि नाटक या वेगळ्या गोष्टी असल्या, तरी रिकाम्या वेळेतली स्वस्त जागा हे दोन्हींचे बी एकच आहे.

स्वस्त म्हणजे असुरक्षित नव्हे, हेही बजावून सांगायला हवे. डिसेंबर २०१७ मध्ये कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. तेही महागड्या जागेत. अग्निसुरक्षेत सवलत नको. सवलत हवी ती भाड्यात, परवान्याच्या किचकटपणात आणि ‘हे कसले कपडे’ म्हणणाऱ्या नजरेत. पालिकेची सभागृहे, बंद पडलेली नाट्यगृहे, आठवड्याच्या मधल्या दिवशी ओस पडणाऱ्या जागा तरुणांना नाममात्र दरात आणि थोड्या विश्वासाने देता येतील का, याचा विचार रात्रीच्या धोरणात व्हायला हवा. घरी पँट-शर्टात वावरणाऱ्या आणि लोकलमधून उतरल्यावर पिशवीतली साडी काढणाऱ्या मुलाला सुरक्षितपणे उभे राहता येईल अशी एखादी खोली शहरात असणे, ही त्या धोरणाची खरी कसोटी आहे.

रात्र किती वाजेपर्यंत चालते, यावर शहराचे वाद होत राहतात. त्याआधी ती कोणाला परवडते, हे विचारले पाहिजे. ज्या शहरात फक्त बिल भरू शकणारेच रात्री जागू शकतात, तिथे उलाढाल वाढेल. पण पुढच्या पिढीने काय घालावे, गावे आणि व्हावे, हे दुसऱ्याच एखाद्या शहरात ठरेल.